व्हाइट ख्रिसमस कशाला म्हणायचं? देश बदलला की मोजपट्टी बदलते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं की यंदा डिसेंबरात आईबाबांना घेऊन भावाकडे इंग्लंडमधल्या रेडिंगला जायचंय आणि एकदा तरी त्यांना बर्फातला नाताळ दाखवायचाय. तुम्ही कुठेतरी वाचलंत की २०२३ ला ब्रिटनमध्ये अधिकृत व्हाइट ख्रिसमस झाला, भाऊ म्हणतो कसला बर्फ, आम्ही तर साध्या स्वेटरवर फिरत होतो. त्यात टोरोंटोचा मावसभाऊ सांगतो की एका वर्षी आमच्या अंगणात चांगलं पांढरं झालं होतं पण हवामान खात्याने ते धरलंच नाही. म्हणून तुम्ही विचारताय की खरं कोण बोलतंय, तीन वेबसाइटवरच्या टक्केवाऱ्या एकमेकींशी का जुळत नाहीत, आणि हमखास बर्फ हवा असेल तर जायचं कुठे, परदेशात की आपल्याच हिमालयात.

तिघंही खरंच बोलतायत, फक्त तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. मी हवामानाच्या जुन्या नोंदी तपासायचं काम करतो, आधी इंग्लंडमध्ये केलं, आता बरीच वर्षं कॅनडात. म्हणजे अमुक दिवशी एका पार्किंगमध्ये कोणी घसरून पडलं तर तेव्हा तिथे बर्फ होता का आणि किती वाजल्यापासून होता, किंवा बर्फ उपसणाऱ्या कंत्राटदाराच्या करारात ५ सेंटीमीटरच्या वर पडला तर जादा पैसे असं लिहिलेलं असतं, तो म्हणतो ६ पडला, बिल्डिंगचा मालक म्हणतो ४, असल्या भांडणांत वकील आणि विमावाले आमच्याकडे येतात. त्यामुळे कोणी "बर्फ होता" म्हटलं की माझ्या तोंडून सवयीने चार प्रश्न निघतात. पडत होता की साचलेला होता, कुठल्या दिवशी किती वाजता, मोजला कुठे, आणि किती. व्हाइट ख्रिसमसचा सगळा घोळ याच चार प्रश्नांत आहे, कारण प्रत्येक देशाने या चारांची उत्तरं आपापल्या सोयीने ठरवलीयत.

आधी ब्रिटन, कारण तुमचं तिकीट तिथलं आहे आणि सगळ्यात सैल नियमही तिथलाच आहे. तिथल्या मेट ऑफिसच्या, म्हणजे हवामान खात्याच्या, व्याख्येप्रमाणे २५ डिसेंबरच्या २४ तासांत देशात कुठेही बर्फाचा एक कण जरी पडताना दिसला तरी व्हाइट ख्रिसमस झाला. एक कण! तो जमिनीवर टिकायला हवा असं नाही, रात्री पावणेबाराला पडून लगेच विरघळला तरी चालतो. २०२३ ला हेच झालं. २४ डिसेंबरला हीथ्रोला १५.३ अंश तापमान होतं, म्हणजे भाऊ स्वेटरवर फिरत होता यात काही नवल नाही, पण २५ ला स्कॉटलंडमध्ये टलक ब्रिज आणि एव्हिमोरला बर्फ पडताना दिसला आणि मेट ऑफिसने जाहीर करून टाकलं. नंतरच्या हिशोबात ११ टक्के हवामान केंद्रांवर बर्फ पडल्याची नोंद निघाली आणि जमिनीवर साचलेला बर्फ मात्र एकाही केंद्रावर नाही. देशभरात अधिकृत व्हाइट ख्रिसमस आणि पांढरं कुठेच नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ लाही तसंच, ९ टक्के केंद्रांवर पडला, साचला कुठेच नाही.

असा नियम का ठेवला असेल हे कळायला तिथली सट्ट्याची परंपरा बघावी लागते. ख्रिसमसला बर्फ पडणार का यावर ब्रिटिश लोक फार जुन्या काळापासून पैसे लावतात, आणि सट्ट्याला हो किंवा नाही असं स्पष्ट उत्तर लागतं. पूर्वी लंडन वेदर सेंटरच्या छपरावर पडला का एवढंच बघायचे, पुढे बकिंगहॅम पॅलेस आणि बाकी शहरांतली ठिकाणंही घेतली. छपरावर साचलेल्या थराची जाडी मोजत बसण्यापेक्षा कण दिसला की नाही हे ठरवणं सोपं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ही व्याख्या बातमीला आणि बुकीला उत्तम, प्रवाशाच्या काहीच कामाची नाही.

अर्थात मेट ऑफिसवाले साचलेल्या बर्फाचीही नोंद ठेवतात, फक्त ती बातमीत मागे पडते. सकाळी ९ ला जमीन निम्म्याहून जास्त झाकलेली असेल तर त्या केंद्रावर बर्फ साचला असं धरतात. आणि ४० टक्क्यांहून जास्त केंद्रांवर तशी नोंद आली तर तो देशभर पसरलेला व्हाइट ख्रिसमस. १९६० पासून असं फक्त चार वेळा झालंय, १९८१, १९९५, २००९ आणि २०१०. याउलट किमान ५ टक्के केंद्रांवर २५ तारखेला बर्फ पडताना दिसला अशी वर्षं काढली तर ती साधारण निम्मी निघतात. एकच देश, एकच खातं, तीच आकडेवारी, आणि एका प्रश्नाचं उत्तर "एक सोडून एक वर्ष" तर दुसऱ्याचं "साठ वर्षांत चारदा". तुम्ही वाचलेल्या टक्केवाऱ्या एकमेकींशी का जुळत नाहीत ते इथेच कळेल.

आता अटलांटिकच्या अलीकडे या. अमेरिकेत आणि कॅनडात पडण्याला महत्त्वच नाही, थर बघतात. अमेरिकेत २५ डिसेंबरला जमिनीवर किमान १ इंच बर्फ हवा. तो २५ लाच पडलेला असायची गरज नाही, आठवड्यापूर्वीचा शिळा, कडक झालेला, कडेने काळा पडलेला असला तरी चालतो. कॅनडात सकाळी ७ ला, टोरोंटोच्या घड्याळाप्रमाणे, किमान २ सेंटीमीटर हवा. कॅनडावाल्यांनी वर आणखी एक पायरी ठेवलीय, जमिनीवर २ सेंटीमीटर आणि शिवाय त्या दिवशी वरून पडतही असेल तर त्याला ते परफेक्ट ख्रिसमस म्हणतात. सिनेमात दाखवतात तो म्हणजे हा, आणि अख्ख्या थंडीत पांढऱ्या असणाऱ्या शहरांतही तो दरवर्षी मिळत नाही.

इथे थोडं आमच्या धंद्यातलं सांगतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा.

बर्फाची खोली मोजणं ऐकायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात वारा सगळं बिघडवतो. भिंतीच्या एका बाजूला गुडघाभर ढीग आणि दुसऱ्या बाजूला गवत उघडं. म्हणून मोकळ्या जागेत, इमारती आणि झाडांपासून लांब, पट्टी बऱ्याच ठिकाणी खुपसून सरासरी काढतात, आणि हल्ली पुष्कळ केंद्रांवर वरून अंतर मोजणारं यंत्र असतं. मग येतं राउंडिंग. अमेरिकेत ताजा पडलेला बर्फ इंचाच्या दहाव्या भागापर्यंत लिहितात, पण साचलेल्या थराची खोली पूर्ण इंचात लिहितात. म्हणजे अर्ध्या इंचाच्या किंचित वर, समजा १.३ सेंटीमीटर, भरला तर वहीत १ इंच जातो आणि व्हाइट ख्रिसमस मान्य. कॅनडात खोली पूर्ण सेंटीमीटरात लिहितात, तिथे २ दिसायला प्रत्यक्षात दीडच्या आसपास पुरतो. कागदावर १ इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, कॅनडाच्या २ पेक्षा कडक वाटतं, पण मैदानात दोघांची रेष जवळजवळ एकाच जागी येते, उलट अमेरिका केसभर सैलच. या असल्या बारकाव्यावरून लोक कोर्टात भांडलेले बघितलेत म्हणून माझं लक्ष तिकडे जातं, तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका. अर्ध्या इंचाखालच्या थराला अमेरिकेत ट्रेस म्हणतात, म्हणजे आहे पण मोजण्याजोगा नाही.

मावसभावाचं काय झालं असेल ते यावरून सांगता येतं. टोरोंटोचा अधिकृत आकडा येतो पिअर्सन विमानतळावरून. तो राहतो समजा उत्तरेला थोडा उंचावर, तिथे रात्री ३ सेंटीमीटर पडला, विमानतळावर त्याच ढगातून अर्धा पाऊस अर्धा बर्फ आला आणि सकाळी ७ ला पट्टीवर १ दिसला. किंवा त्याच्याकडे पडायला सुरुवातच ९ ला झाली, तोपर्यंत नोंद होऊन गेलेली. दोन्ही शक्य आहे. वर्ष सांगितलंत तर नोंद काढून बघता येईल. टोरोंटो हे नेमकं काठावरचं शहर आहे, व्हाइट ख्रिसमस साधारण एक वर्ष आड म्हणा, त्यामुळे असे वाद तिथे जास्त होतात. विनिपेगमध्ये कोणी असा वाद घालत नाही, तिथे जवळपास दरवर्षी पांढरंच, आणि व्हँकुव्हरमध्ये उलट, तिथे नाताळ म्हणजे पाऊस.

युरोपात तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तिथे बऱ्याच देशांत मुख्य सण २४ च्या संध्याकाळी असतो म्हणून नियमही २४ पासून सुरू होतो. जर्मनीचं हवामान खातं म्हणतं २४, २५ आणि २६ तिन्ही दिवस जमिनीवर किमान १ सेंटीमीटर हवा. तीनपैकी एक दिवस जरी गवत दिसलं तरी बाद. नेदरलँड्समध्ये २५ आणि २६, दोन्ही दिवस, आणि तेही डे बिल्ट या एका गावातल्या केंद्रावर, बाकी देशात काय चाललंय याच्याशी संबंध नाही. डेन्मार्कवाले एकदम दुसऱ्या टोकाला, २४ तारखेच्या दुपारी देशाच्या किमान ९० टक्के भूभागावर अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त बर्फ हवा, तरच देशव्यापी पांढरा नाताळ. छोटा, सपाट आणि जवळजवळ चारी बाजूंनी समुद्र असलेला देश, त्यात ९० टक्के, म्हणजे किती वेळा होणार? १९०० पासून धरून १९१५, १९२३, १९३८, १९५६, १९६९, १९८१, १९९५, २००९, २०१०. संपली यादी.

आपल्याकडे हे काही नवीन नाही खरं तर. केरळात मान्सून आला असं हवामान खातं म्हणतं तेव्हा त्यामागेही अशीच मोजपट्टी असते, १० मे नंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्क्यांवर सलग दोन दिवस किमान २.५ मिलिमीटर पाऊस, शिवाय वाऱ्याच्या आणि ढगांच्या अटी. तिथला मच्छीमार आठवडाभर भिजत असतो आणि टीव्हीवर मात्र "मान्सून अजून दाखल नाही" असं चाललेलं असतं. कोणी खोटं बोलत नसतं.

आता गंमत म्हणून एकच गाव घ्या, काल्पनिक, आणि सगळ्यांचे नियम त्याला लावून बघा. समजा २३ च्या रात्री ५ सेंटीमीटर बर्फ पडला, २४ ला दिवसभर कडाक्याची थंडी, २५ ला सकाळी ७ ला पट्टीवर ३ सेंटीमीटर, आकाश निरभ्र, दुपारनंतर वारा फिरला, ऊब आली, रात्रीपर्यंत सगळं वितळलं आणि २६ ला चिखल. अमेरिका म्हणेल हो, कॅनडा म्हणेल हो. डेन्मार्क म्हणेल बाकी देश असाच असेल तर हो. जर्मनी आणि नेदरलँड्स म्हणतील नाही, २६ ला कुठे होता. आणि ब्रिटन म्हणेल २५ ला एकही कण पडला नाही म्हणजे ठळक बातमीपुरतं नाहीच, साचल्याची नोंद वेगळी होईल. लहान पोरं दोन दिवस घसरगुंडी खेळली तरी. आता याच्या उलट गाव घ्या, सगळीकडे चिखल, हिरवं गवत, ६ अंश तापमान, आणि २५ ला रात्री ११ ला थंड हवेचा झोत येऊन पावसात चारदोन पांढरे कण दिसले. ब्रिटन म्हणेल झाला व्हाइट ख्रिसमस, बाकी सगळे हसतील.

एक गोष्ट मात्र मला दरवेळी मजेशीर वाटते. व्याख्या कडक केली की देश वेगळे असले तरी वर्षं तीच निघतात. ब्रिटनची ती चार वर्षं वर डेन्मार्कच्या यादीत शोधा, चारही सापडतील. जर्मनीत देशभर पसरलेला शेवटचा पांढरा नाताळ २०१० चा, नेदरलँड्समधलाही शेवटचा २०१० चाच. कारण वायव्य युरोपात नाताळला बर्फ साचायचा तर स्थानिक ढग येऊन भागत नाही, आख्ख्या हवेचा प्रवाह उलटावा लागतो. एरवी तिथे अटलांटिकवरून पश्चिमेचे वारे येतात, समुद्राला उन्हाळ्यातली ऊब डिसेंबरातही पुरती सुटलेली नसते (तो सगळ्यात गार होतो फेब्रुवारी-मार्चला), म्हणून वाऱ्याबरोबर पाऊस येतो. अटलांटिकवर उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला, पश्चिमेची वाट अडली आणि उत्तरेकडून, ईशान्येकडून गार हवा खाली उतरली की मगच बर्फ टिकतो. २०१० च्या डिसेंबरात तसंच झालं, मध्य इंग्लंडच्या तापमानाची नोंद १६५९ पासूनची आहे, त्यात त्याहून गार डिसेंबर फक्त १८९० चा. त्या नाताळला ब्रिटनमधल्या ८३ टक्के केंद्रांवर बर्फ साचलेला होता. आणि त्याच्या एक आठवडा आधी, १८ तारखेला, हीथ्रो बर्फामुळे बंद पडलं आणि हजारो लोक अडकले, हेही लक्षात असू द्या. खराखुरा पांढरा नाताळ म्हणजे प्रवाशाच्या दृष्टीने बरेचदा हेच असतं.

जर्मनीत तर नाताळच्या तोंडावर ऊब येऊन बर्फ वितळण्याला वेगळं नावच आहे, इतकं ते नेहमीचं. डिसेंबरच्या मध्यात बर्फ पडतो, लोक खूश होतात, आणि २२-२३ ला पश्चिमेचा वारा येऊन सगळं धुऊन नेतो. म्हणून "भावाकडे १५ डिसेंबरला मस्त बर्फ पडलाय" या फोनवरून २५ चा अंदाज बांधू नका. खरं तर या सगळ्या भागात बर्फाचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारी, नाताळ जरा लवकरच येतो. ब्रिटनने १७५२ ला कॅलेंडर बदललं तेव्हा ११ दिवस गाळले, तो नाताळ जुन्याच जागी राहिला असता तर आजच्या जानेवारीत पडला असता आणि बर्फाची शक्यता वाढली असती. रशियासारख्या काही देशांतले ऑर्थोडॉक्स चर्चवाले जुन्या हिशोबाने आजही ७ जानेवारीला करतात, त्या बाबतीत ते फायद्यात.

टक्केवारीबद्दल एक सांगतो कारण तुम्ही तीन वेबसाइटचे तीन आकडे दिलेत. अमेरिकेचा जो नकाशा दरवर्षी फिरतो तो १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवर बेतलाय. त्यात एखाद्या जागी ६० टक्के लिहिलंय म्हणजे यंदा ६० टक्के असं नाही, मागच्या वर्षांच्या हिशोबाने तिथे साधारण इतक्या नाताळांना १ इंच थर असायचा असं. यंदाचं यंदाची हवा ठरवणार. २००४ ला टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या हद्दीवर, ब्राउन्सव्हिलला नाताळच्या पहाटे दीड इंच बर्फ पडला, तिथे शंभर वर्षांत असं झालं नव्हतं. त्या शहराची टक्केवारी तुम्ही काढलीत तर शून्यच्या जवळ येईल, आणि तरी त्या दिवशी पोरांनी रस्त्यावर बर्फाचे बाहुले केले. अशाच अपवादांत ऑस्ट्रेलिया धरा, २००६ ला नाताळ म्हणजे तिथला भर उन्हाळा असूनही व्हिक्टोरियाच्या डोंगरांत बर्फ पडला, आणि तोही वणवे पेटलेले असताना. शिवाय जुने आकडे आणि नवे आकडे मिसळू नका, कॅनडात १९६०-७० च्या दशकांच्या तुलनेत बहुतेक शहरांची टक्केवारी उतरलीय, त्यामुळे जुन्या लेखातला आकडा हमखास जास्त आशावादी निघतो.

आपल्या देशातलं पण विचारलंत म्हणून थोडं. हिमालयात बर्फ येतो पश्चिमी झंझावातांमुळे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या प्रणाल्या. त्या कधी येतील हे कॅलेंडर बघून ठरत नाही. सिमल्याला २०१६ ला नाताळच्या दिवशी बर्फ मिळाला तो तब्बल २५ वर्षांनी, त्याआधीचा १९९१ चा. आपले टूरवाले "सिमल्यात व्हाइट ख्रिसमस" अशी जाहिरात करतात तेव्हा मला हे आठवतं. मनाली गावही साधारण २००० मीटरवर, तिथेही भरवसा नाही, म्हणून लोक गाडी काढून सोलंगला नाहीतर अटल टनेलमधून पलीकडे सिस्सूला जातात, सिस्सू ३००० मीटरच्या वर आहे, फरक पडतो. पण डिसेंबर २०२४ ला बर्फ झाला तेव्हा त्याच रस्त्यावर शेकडो गाड्या तासन्‌तास अडकून पडल्या होत्या. गुलमर्गची शक्यता आपल्याकडे सगळ्यात चांगली, तरी २०२३-२४ च्या हिवाळ्यात जानेवारी निम्मा सरेपर्यंत तिथेही उतार कोरडे होते.

बरं, एवढ्यात काय झालं ते पुन्हा एकदा. ब्रिटन पडणारा कण मोजतं, उत्तर अमेरिका सकाळचा थर मोजते, जर्मनी-नेदरलँड्स थर किती दिवस टिकला ते बघतात, डेन्मार्क किती देश झाकला ते बघतो. तुम्हाला यातलं काय हवंय? तुम्ही लिहिलंय त्यावरून आईबाबांना पांढरी झाडं, पांढरी छपरं, पायाखाली करकरणारा बर्फ दाखवायचाय. म्हणजे तुम्हाला थर हवाय, आणि तो २-३ सेंटीमीटर नव्हे, निदान १५-२० सेंटीमीटर तरी, कारण त्याहून कमी असला तर दुपारपर्यंत शहरात नुसता राड होतो, रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं आणि सगळं तपकिरी दिसतं. तेव्हा व्हाइट ख्रिसमसची टक्केवारी शोधूच नका, डिसेंबरच्या शेवटी सरासरी थर किती असतो ते शोधा, प्रत्येक देशाच्या हवामान खात्याकडे स्नो डेप्थचा आकडा मिळतो.

त्या हिशोबाने रेडिंग, लंडन सोडून द्या, तिथे भाऊ आहे म्हणून जा, बर्फासाठी नको. स्कॉटलंडला जाऊ असं कोणी सुचवेल, तर एव्हिमोरला लंडनहून रात्रीची गाडी आहे हे खरं, पण ब्रिटनमध्ये २५ डिसेंबरला रेल्वे बंद असते, लंडनची ट्यूब (भुयारी रेल्वे) आणि बससुद्धा. बातमी बघून निघू म्हणाल तर निघताच येणार नाही. आधीच जाऊन राहायचं आणि बर्फ मिळाला तर मिळाला, अशी तयारी असेल तरच.

पैसे आणि व्हिसा दोन्ही जमत असेल तर माझी पहिली पसंती फिनलंडचं लॅपलँड, रोव्हानिएमी किंवा त्याच्याही उत्तरेला. तिथेही २०१८ च्या नोव्हेंबरात बर्फ उशिरा आला म्हणून टूरवाल्यांची झोप उडाली होती, पण नाताळपर्यंत तिथे थर नसणं हे मला तरी अवघड वाटतं. मात्र दोन गोष्टी तुम्ही धरलेल्या नाहीत. ब्रिटनचा व्हिसा तिथे चालत नाही, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिसा वेगळा काढावा लागेल, आणि डिसेंबरात त्याच्या तारखा मिळेपर्यंत जीव जातो, म्हणून आत्ताच बघा. आणि रोव्हानिएमीला नाताळच्या सुमारास सूर्य जेमतेम दोन तास वर असतो, बराच उत्तरेला गेलात तर उगवतच नाही. काही म्हाताऱ्या माणसांना त्या अंधाराचा त्रास होतो, जेवणाच्या झोपेच्या वेळा बिघडतात, काहींना तो निळसर उजेड फार आवडतो. आईबाबा कसे आहेत ते तुम्हालाच माहीत.

दुसरा पर्याय आल्प्समध्ये उंचावरचं गाव. उंची हाच तिथला खरा निकष, १५००-१६०० मीटरच्या वर बघा, झेरमॅट साधारण १६०० वर आहे, गावात नसला तरी वरच्या रेल्वेने चढून गेलं की बर्फ असतोच. इथे उजेड भरपूर, जेवण मिळवायला सोपं, आणि चालवत नसेल तर बसल्या बसल्या बर्फ दिसतो. ज्येष्ठांसाठी मी बहुतेक वेळा हेच सांगतो. मावसभावाकडे यायचं ठरलं तर टोरोंटोवर विसंबू नका, क्यूबेक सिटीला चार दिवस जा, जुनं दगडी गाव आणि बर्फ दोन्ही. फक्त अमेरिकेतल्या बफेलोमार्गे गाडीने यायचं वगैरे बेत नाताळच्या आठवड्यात करू नका, २०२२ ला त्याच दिवसांत तिथल्या हिमवादळात चाळीसहून जास्त माणसं गेली, काही तर गाडीत अडकून. तिथल्या मोठ्या तलावांवरून येणारा बर्फ तासाभरात रस्ता गायब करतो, आकडा बघायला छान वाटतो पण त्यात सापडायचं नसतं.

कुठेही गेलात तरी बूट तिथे पोचल्यावर घ्या, भारतातून स्पोर्ट्स शूज घालून जाऊ नका. ताज्या बर्फावर माणूस फारसा पडत नाही, पडतो तो दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या बर्फावर, आणि आमच्याकडे येणारी घसरून पडल्याची प्रकरणं बहुतेक तसलीच असतात. बुटाच्या तळाला अडकवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, आईबाबांना एकेक जोड घ्या आणि त्यांना सकाळी दहाच्या आधी घराबाहेर काढू नका.

आता मला तीन गोष्टी कळवा, तिकिटाच्या तारखा पुढेमागे होतात का, आईबाबांपैकी कोणाला गुडघ्याचा किंवा दम्याचा त्रास आहे का, आणि नाताळचाच दिवस हवा की नुसता बर्फ चालेल. शेवटच्याचं उत्तर "नुसता बर्फ" असेल तर सरळ जानेवारीच्या शेवटी जा, विमान आणि हॉटेल दोन्हीचे दर उतरलेले असतात आणि आल्प्समध्ये थरही डिसेंबरपेक्षा चांगला मिळतो.